गिऱ्हाइकाची खुर्ची

मोरा बंदराच्या धक्क्यावर, स्टुलावर उभा राहून एक तरुण पत्र्याच्या कर्ण्यातून ओरडत होता. त्याच्या हातातल्या बाटलीतलं तेल महिनाभर लावलं, तर केस म्हणे कमरेपर्यंत येणार होते. ओरडणाऱ्याचं वय चोवीस. त्याच्या स्वतःच्या डोक्यावरचे केस जेमतेम कानापर्यंत आले होते, आणि तेही नाराजीनेच.

मैना होडीवरची मासळी पाटीत भरून निघाली होती. पाटीतलं पाणी तिच्या कोपरावरून ओघळत होतं. ती थांबली. मान वर करून तिने आधी बाटलीकडे पाहिलं, मग डोक्याकडे.

"ओ कर्नेवाले! तुमी कवापासून लावताव?"

"रोज लावतो, बाई! सहा महिने झाले!"

"मंग नाय घेनार," मैना म्हणाली आणि चालू लागली.

धक्का खो-खो हसला. त्या तरुणाने खरं तर चिडायला हवं होतं. तोही हसला, पण कर्णा तोंडालाच राहिला होता... त्यामुळे त्याचं ते हसू बंदरभर, पार नांगरलेल्या गलबतांपर्यंत ऐकू गेलं. मैनाने मागे वळून पाहिलं. पाहायला नको होतं. पण पाहिलं.

जाळ्यांच्या ढिगामागे बसलेले धोतर-कोटातले एक गृहस्थ त्याच वेळी ताडकन उठले. "सापडलं!" ते ओरडले. "रोहिदास, गिऱ्हाईक सापडलं!"

"कुठं, शेट? ती तर नाही म्हणून गेली."

"म्हणून तर!" शेट म्हणाले आणि कोटाचे खिसे सावरत मैनाच्या पाटीमागे धावत सुटले.

हे गोवर्धनशेट. साल एकोणीसशे एकसष्ट. नवी मुंबई तेव्हा मोऱ्यात कुणाच्या डोक्यातही नव्हती. पाण्यापलीकडची जुनीच सगळ्यांना पुरून उरत होती. त्या जुन्या मुंबईत, फोर्टातल्या एका मोठ्या जाहिरात कंपनीत, गोवर्धनशेट आठ वर्षं शिपाई होते. एकदा ते मीटिंगमध्ये चहा घेऊन गेले, तेव्हा मोठे साहेब एका रिकाम्या खुर्चीकडे बोट दाखवून म्हणत होते, "समजा, या खुर्चीत गिऱ्हाईक बसलंय—" आणि तेवढ्यात कुणीतरी शेटना बाहेर जायची खूण केली, दार बंद झालं. पुढचं वाक्य त्यांना कधीच कळलं नाही. पण अर्ध्या वाक्यावर माणसं संसार मांडतात. गोवर्धनशेटनी कंपनी काढली.

मोऱ्याच्या रस्त्याला बर्फाचं एक जुनं गोदाम होतं. त्यात 'गोवर्धन पब्लिसिटी'. बर्फ जाऊन बरीच वर्षं झाली होती, पण भिंतींना ते कुणी कळवलं नव्हतं. आत मे महिन्यातही माणसं हात चोळत बसायची. मजकूर लिहायला रोहिदास, नावड्याचा, पनवेलला मॅट्रिक झालेला. बोर्ड रंगवायला शिवा पेंटर. आणि मधोमध ती खुर्ची. सागवानी, उंच पाठीची. तिच्यात कुणी बसायचं नाही. प्रत्येक जाहिरात तिला उभं राहून वाचून दाखवायची. चार वाजता तिच्यासमोर चहा ठेवायचा. तो निवला की गिऱ्हाइकाच्या वतीने शिवाने प्यायचा.

व्यवस्था उत्तम होती. खोट एकच. खुर्ची कशालाच नाही म्हणत नव्हती.

म्हणून शेटना खरं गिऱ्हाईक हवं होतं.

मैनाच्या घरी मात्र शेटच्या खुर्चीत बसायच्या या नोकरीचा उलगडा लवकर होईना. तिची आई पुतळाबाई मासळी निवडता निवडता थांबली.

"बसायचा पगार? जल्ला, बसायचा पगार कोन देतं?"

"शेट देतात, आये."

"आनि करायचं काय?"

"वाचून दावतील ते आयकायचं. नाय आवडलं तर नाय म्हनायचं."

"ते तू फुकट पन करतंस," पुतळाबाई म्हणाली आणि पुन्हा मासळी निवडू लागली. तोच तिचा होकार होता.

पहिल्या दिवशी मैना गोदामात गेली, तेव्हा शेट अजून त्या रिकाम्या खुर्चीपुढे चहाचा कप ठेवत होते, सवयीने. रोहिदास आणि शिवा ओशाळून तिच्याकडे पाहत राहिले. आता ही पोरगी हसणार. मैना हसली नाही. तिचा बाप देवजी तीन वर्षांपूर्वी समुद्रावर गेला, तो आलाच नाही. आई अजून रोज जेवायला तीन पाट मांडायची. तिसऱ्या पाटापुढे ताटली, ताटलीत भाकर. रिकाम्या जागेला वाढणारी माणसं मैनाला वेडी वाटत नव्हती. ओळखीची वाटत होती.

ती खुर्चीत बसली. खुर्ची इतकी उंच, की तिचे पाय लोंबकळू लागले.

शेटनी कायदे वाचून दाखवले. गिऱ्हाइकाला पटवायचं नाही. 'नाही' म्हटल्यावर कारण विचारायचं नाही— दुकानातून परत गेलेलं गिऱ्हाईक कधी कारण सांगून जातं का? आणि लिहिणाऱ्याने गिऱ्हाइकाशी गप्पा मारायच्या नाहीत. ओळख झाली की भीड पडते, भीड पडली की होकार खोटा होतो.

"समजलं ना, रोहिदास?"

"समजलं, शेट," तो म्हणाला. तो शेटना फार मानायचा. त्याला वाटायचं, पुढचं वाक्य मिळालं असतं, तर हा माणूस कुठल्या कुठे गेला असता.

दुसऱ्या दिवशी मैना आली, तेव्हा खुर्चीखाली साबणाचं एक रिकामं खोकं पालथं घातलेलं होतं. बरोबर तिच्या पायांच्या मापाचं. कुणी ठेवलं, कुणी बोललं नाही. तिने पाय टेकवले. समोर रोहिदास कागदात इतकं खोल डोकं घालून बसला होता, की मजकूर वाचण्याऐवजी तो हुंगत असावा असं वाटत होतं.

"नाय घेनार," ती म्हणाली.

"अजून वाचलंच नाही!"

"सवय करतंय."

तिची पारख बिनचूक होती, असं कुणी समजू नये. तिने 'घेईन' म्हटलेली एक दंतमंजनाची जाहिरात अशी आपटली, की तो कारखानदार स्वतःच ते मंजन वापरायचा थांबला. पण शेटना त्याचं काही नव्हतं. "गिऱ्हाईक चुकलं तरी गिऱ्हाईकच," ते म्हणायचे.

हळूहळू गोदामाचा एक रिवाज पडून गेला. पहिला खर्डा, म्हणजे पहिला कच्चा मजकूर, मैना कधीच पास करायची नाही. आज पहिला, उद्या दुसरा, परवा तिसरा, मग 'घेईन'. शिवा तर पहिला खर्डा वाचत असताना ब्रशसुद्धा भिजवायचा नाही.

आणि गप्पा मारायला बंदी होती, तर त्यांनी बंदी पाळली. जे काय चाललं ते कायद्यात राहून, जाहिरातींतून चाललं.

उरणच्या सायकलवाल्याची जाहिरात होती. रोहिदास उभा राहिला, घसा साफ केला.

"मजबूत सायकल. मागे कॅरियर आहे... कॅरियरवर अजून कुणी बसलेलं नाही."

मैना छताकडे पाहत म्हणाली, "नाय घेनार."

दुसऱ्या दिवशी— "मजबूत सायकल. कॅरियरला मऊ गादी लावून घेतली आहे."

"नाय घेनार." पण खोक्यावरच्या पायाचा अंगठा हलत होता.

तिसऱ्या दिवशी रोहिदासने कागद खाली केला आणि तिच्याकडे पाहून, पाठ असल्यासारखं म्हटलं, "मजबूत सायकल... हळू चालवीन."

शिवाने ब्रश भिजवला.

"घेईन," मैना म्हणाली. आणि पदर सारखा करायला लागली. तो सारखाच होता.

"'चालवीन' म्हणजे कोण चालवणार?" शेटनी चष्मा काढून विचारलं. "सायकलवाला चालवणार आहे का?" पण गिऱ्हाइकाने पास केलं होतं. बोर्ड लागला. सायकली तुफान खपल्या. का, ते कुणालाच कळलं नाही; उरणमध्ये त्या वर्षी लग्नंही बरीच झाली.

ते दोघं खरं बोलले एकदाच. श्रावणातली संध्याकाळ, ऊनही आणि सरही. मैना घराकडे निघाली होती, रोहिदास धक्क्यावर बोर्ड पाहायला. त्याच्याकडे एका दुकानदाराची नमुन्याची छत्री होती. तिच्या काडीला चिठ्ठी लोंबत होती. पाऊस आला तशी त्याने ती उघडली आणि... दोन पावलं पुढे होऊन तिच्या डोक्यावर धरली. स्वतः बाहेर.

"बोलायचं नाही, शेटचा कायदा आहे," तो कुजबुजला.

"कायदा हापिसात. ह्यो रस्ता बांधकाम खात्याचा हाय."

तो हसला. या वेळी कर्णा नव्हता, म्हणून ते हसू फक्त तिलाच ऐकू आलं.

"तुमी पयल्या खर्ड्यात येवरं खोटं का लिवताव?" तिने विचारलं.

"विहीर उपसतात ना, तसं. आधी वरचं गढूळ काढून टाकायचं. खरं तिसऱ्यात लागतं." मग जरा थांबून— "तुला कसं वाटतं गं, त्या खुर्चीत?"

मैनाने काडीला लोंबणारी चिठ्ठी बोटाभोवती गुंडाळली. छत्रीवर पाऊस वाजत राहिला.

"मना कवा कुनी इचारलंच नवतं," ती म्हणाली. "बाजारात भाव इचारतात. घरी कोन काय इचारनार... बाबा गेला तो पन न इचारता. हितं मी बोलेपर्यंत समदी गप बसतात. शेट पन! वाटतं, मी हाय. म्हंजे... खरंच हाय."

हे तिने आयुष्यात पहिल्यांदाच कुणाला सांगितलं होतं. रोहिदासने मान डोलावली. पण तो ऐकत नव्हता. तिच्या पापणीवर पावसाचा एक थेंब अडकला होता, तो पडतो की राहतो, हे तो पाहत होता. थेंब राहिला. तिचं बोलणं मात्र निसटलं. प्रेमात माणसं एकमेकांकडे फार पाहतात, त्यात ऐकायचं राहून जातं.

दिवाळीनंतर फोर्टातल्या त्याच मोठ्या कंपनीचे एक साहेब उरणला कुणाकडे तरी आले, आणि तो सायकलचा बोर्ड त्यांनी वाचला. चार दिवसांत रोहिदासला बोलावणं आलं. येत्या सोमवारी हजर व्हायचं, नाहीतर नाही म्हणून कळवायचं.

शेटनी त्याला अडवलं नाही. "मी तिथून शिपाई म्हणून बाहेर पडलो," ते म्हणाले, "तू साहेब म्हणून आत जा. आणि जमलं तर... त्या खुर्चीचं पुढचं वाक्य काय होतं, तेवढं विचार."

"विचार करून सांगतो, शेट," रोहिदास म्हणाला. बोलता बोलता तो खुर्चीकडे पाहत होता. मैना आपल्या नखांकडे.

शुक्रवारी सकाळी तो कागद न घेताच उभा राहिला. शर्ट इस्त्रीचा. कानापर्यंतचे केस पाण्याने बसवलेले.

"कशाची जाहिरात?" शेटनी विचारलं.

"मालकाने नाव सांगू नका म्हटलंय." त्याने घसा साफ केला. एकदा. मग परत.

"मिळेल! एकच नग शिल्लक! नवरा. नावड्याची बनावट. केस कमी, त्यामुळे तेलाचा खर्च नाही."

शिवाच्या हातातला ब्रश त्याच्या पायावर ठिबकू लागला. लाल रंग. त्याला भान नव्हतं.

"मुंबईत नोकरी... नळाचं पाणी. घेणाऱ्या बाईला पुन्हा पाटी उचलावी लागणार नाही. या गार गोदामात, या उंच खुर्चीत दिवसभर बसून हो-नाही करावं लागणार नाही. तिने कशाचीही काळजी करायची नाही, काही ठरवायचं नाही. सगळं आम्ही बघू."

तो थांबला. बाहेर कावळे मासळीवरून भांडत होते.

मैनाच्या छातीत असं काही धडधडत होतं, की खाली खोकंही वाजत असेल असं तिला वाटलं. 'केस कमी'वर तिला हसू आलं होतं. 'नळाचं पाणी'पर्यंत तर ती मनाने भाऊच्या धक्क्यावर उतरलीसुद्धा होती. मग ती शेवटची ओळ आली. काही ठरवायचं नाही. सगळं आम्ही बघू... आणि आयेचं नाव तर कुठंच नव्हतं.

पण तिला धक्का बसला नाही. राग तर नाहीच. पहिला खर्डा होता. पहिल्या खर्ड्यात गढूळ असायचंच. तिने भराभर हिशेब केला. शुक्रवारी पहिला. शनिवारी दुसरा, त्यात शेवटची ओळ जाईल. रविवारी सुट्टी. सोमवारी सकाळी तिसरा, त्यात आये येईल. लाँच अकराची. वेळ होता.

"नाय घेनार," ती म्हणाली. कधी नव्हे इतक्या मऊ आवाजात.

रोहिदासने मान हलवली. "बरं," तो म्हणाला. आणि कायद्याप्रमाणे, कारण न विचारता, आपल्या जागेवर जाऊन बसला. मग ब्रशचं बोलला, रंगाचं बोलला, शिवाच्या पायाचं बोलला. मैनाला वाटलं, नेहमीसारखाच तर आहे.

तिला एवढंच सुचलं नाही, की जो तिच्यासाठी पहिला खर्डा होता, तो त्याच्यासाठी कितवा तरी होता. छत्रीच्या दिवसापासून तो मनातल्या मनात लिहीत होता, खोडत होता. त्याच्या विहिरीचा हाच तळ होता.

संध्याकाळी मैनाने हिरवं लुगडं काढून वाऱ्यावर टाकलं.

"ह्ये कशाला?" पुतळाबाईने विचारलं.

"सोमवारी नेसन. उद्या दुसरा येल, सोमवारी तिसरा."

"दुसरा? तिसरा?" पुतळाबाईने कपाळाला हात लावला. "आनि पयल्याचं काय केलंस, बाय?"

मैना खूप हसली. त्या घरात तीन वर्षांत कुणी तसं हसलं नव्हतं. तिसऱ्या पाटासमोर भाकर ठेवताना पुतळाबाईही जरा हसली.

शनिवारी ती लवकर गेली. रोहिदासचं टेबल पुसलेलं होतं. टेबल पुसणं त्याच्या स्वभावात नव्हतं. शिवा बॅटरीवर चालणारा भोंगा खांद्यावर घेऊन निघण्याच्या तयारीत होता.

"कुठं?"

"धक्क्यावर. रोहिदास चालला ना सकाळच्या लाँचने. निरोप नको द्यायला?"

या कंपनीत कुणी नोकरी सोडून निघालं, की धक्क्यावर भोंगा लावून त्याची तारीफ करायची, असा शेटचा दंडक होता. मागे एक हिशेबनीस पळून चालला होता, त्याचीसुद्धा केली होती.

मैना खुर्चीला धरून उभी राहिली. शेटनी तिच्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. आणि मग, कंपनी काढल्यापासून पहिल्यांदा, गिऱ्हाइकाला कारण विचारलं.

"मैना... का गं नाही म्हणालीस?"

"पयला खर्डा व्हता, शेट," मैना म्हणाली. "पयला... पयला कदी घेतंय मी?"

गोवर्धनशेट मटकन बसले. ज्या खुर्चीत गिऱ्हाइकाशिवाय कुणीच बसायचं नाही, त्याच खुर्चीत बसले. मग विंचू चावल्यासारखे उठले आणि ओरडले, "शिवा, पळ!"

ते तिघं धक्क्यावर पोचले, तेव्हा लाँच सुटलेली होती. पण ओहोटी लागली होती, आणि मोऱ्याच्या ओहोटीला माणसांची घाई समजत नाही. थोड्या अंतरावर लाँच गाळात रुतून बसली होती. खलाशी बांबू रेटत होते, इंजिन ठो-ठो करून नुसता धूर काढत होतं. लाँच इतकी जवळ, की टपाशी उभा असलेला रोहिदास त्याच्या केसांवरून ओळखू यावा. आणि मध्ये कमरेइतका चिखल. चालता येत नव्हतं, पोहता येत नव्हतं.

शेटनी भोंग्याचं बोलायचं भांडं मैनाच्या हातात दिलं. "बोल."

"समद्यांच्या म्होरं?"

"बोल गं पोरी!"

मैनाने ते तोंडाशी धरलं. अख्खा धक्का वळून पाहू लागला. मासळीवाल्या, हमाल, कोलंबी मोजणारे.

"रोहिदास!" तिचा आवाज तिलाच परका वाटला. "तो पयला खर्डा व्हता! शेवटची वळ काडा! आयेचं घाला! दुसरा आना... मी घेईन! आयकताव ना? घेईन!"

धक्क्यावरच्या बायकांनी पाट्या खाली ठेवल्या. कुणी हसलं नाही. 'घेईन' हा शब्द गलबतांवर आपटून दोनदा परत आला. मोरा बंदरातल्या प्रत्येक माणसाला तो ऐकू गेला, इंजिनाशेजारी उभ्या असलेल्या एकाला सोडून.

रोहिदासने भोंगा पाहिला. शेट पाहिले, शिवा पाहिला, तिला पाहिलं. कंपनी निरोप द्यायला आली आहे. दंडकाप्रमाणे तारीफ चालली आहे. त्यातही तिने करावी... केवढं मोठं मन. त्याने दोन्ही हात जोडले, डोक्यापर्यंत नेले. मग त्याने तोंड पलीकडे फिरवलं. कदाचित धूर डोळ्यांत गेला असेल. बांबूंचा शेवटचा रेटा बसला, गाळाने लाँच सोडली.

दुपारच्या लाँचने शेट स्वतः मुंबईला गेले. संध्याकाळी परतले, तेव्हा कोटाचे खिसे बाहेर आले होते.

"सगळं सांगितलं," ते म्हणाले. "भोंग्यावर बोललीस तेसुद्धा. तो हसला. म्हणाला, शेट, भोंग्यावर आपण काय काय बोलतो, ते मी लिहीत होतो ना. मी शपथ घेतली, तर म्हणाला, गिऱ्हाइकाच्या मागे लागायचं नाही, तुम्हीच शिकवलंत. तिने खरं उत्तर दिलंय. तिला आता भरीस पाडू नका." शेट बाहेर आलेले खिसे आत ढकलू लागले. "माझे कायदे मलाच वाचून दाखवले गं त्याने... एकही चुकला नाही."

मैनाच्या एका शब्दाला इतका मान देणारा माणूस जगात एकच निघाला होता, आणि त्या मानापायीच तो गेला होता.

सोमवारी ती हिरवं लुगडं नेसून धक्क्यावर गेली. मीच जाते, मीच सांगते. अकराची लाँच लागली, फळी टाकली. तिने फळीवर एक पाय ठेवला. पाण्याचा वास, डिझेलचा वास... याच धक्क्यावरून बाबा गेला होता. तिच्या डोळ्यांपुढे आयेचे हात आले. पाट मांडणारे. आज दोन पाट रिकामे मांडायला लागतील तिला, मैनाच्या मनात आलं. मग रोज.

"येतंस का, बाय?" खलाशाने विचारलं.

मैनाने पाय मागे घेतला.

रोहिदासच्या लग्नाचे पेढे दोन वर्षांनी आले. शेटनी एक पेढा रीतसर खुर्चीपुढे ठेवला. मैनाने तो खाल्ला. गोड होता, त्यात पेढ्याचा काही दोष नव्हता.

पुढे शेटना दिसेनासं झालं आणि कंपनी मैनाच बघू लागली. मागणी घालणारे येत, चहा पिऊन जात. तिने कायदे बदलले नाहीत. एकच बदलला. खुर्चीतल्या नव्या मुलीने 'नाही' म्हटलं, की सगळ्यांनी काम थांबवायचं आणि तिला कारण विचारायचं. ती सांगेपर्यंत घरी जायचं नाही. पहिल्या महिन्यात त्यापायी सगळ्यांची जेवणं चुकली. मैनाने ऐकलं नाही. साबणाचं खोकं नव्या मुलीच्या पायांना पुरेना, तरी तिने ते काढू दिलं नाही. त्यावर एक फळी ठोकून दिली.

सदुसष्ट साली, पावसाळा सरता सरता, फोर्टातल्या त्या कंपनीकडून चहाच्या जाहिरातीचा एक मोठा पत्र्याचा बोर्ड आला. किनाऱ्यावरच्या सगळ्या बंदरांवर लावायचा होता. मोऱ्याचं काम गोवर्धन पब्लिसिटीकडे. मैना आणि शिवा धक्क्यावर गेले. शिवाने वरचे दोन खिळे ठोकले, खालचा एक ठोकला आणि मग मागे सरून वाचलं.

"हे काय? चित्र नाही, कपबशी नाही. निम्माच लिहिलाय."

बोर्डावर एवढंच होतं—

घेत असाल, तर आनंद आहे.
घेत नसाल... तर का?

मैना किती वेळ पाहत राहिली कोण जाणे. ओहोटी होती. गाळावर बगळे उतरले होते.

"शिवादादा," ती म्हणाली, "दोन चहा घेऊन ये."

शिवाने तिच्याकडे पाहिलं, हातोडी खाली ठेवली आणि गेला.

मैना बोर्डासमोर उभी राहिली. एकेकाळी रोहिदास रिकाम्या खुर्चीपुढे उभा राहायचा, तशीच. तिने पदर सारखा केला. घसा साफ केला.

"सगलं आमी बघू म्हनालास ना," ती पत्र्याला म्हणाली. "मना पन बघायचं व्हतं रे... तुज्यासंगती."

वाऱ्याने पत्र्याचा मोकळा कोपरा खडखडला. तो कोपरा एका हाताने दाबून धरून मैनाने हातोडी उचलली, आणि राहिलेला चौथा खिळा स्वतःच ठोकला.